ससून म्हणजे आनंद

नात सुट्टीला आली की माझ्या डोक्याला काम मिळतं. या वेळी येताना तिने केस वाळवायचा ड्रायर आणला होता. आंघोळ झाल्यावर बराच वेळ त्याची घरघर चालली होती. मग तो माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "आजी, हे बघ! यावर ससून लिहिलंय. व्हिडाल ससून. आपल्या हॉस्पिटलवाल्यांचंच का गं हे?"

मी हसले खरी, पण चटकन उत्तर देता आलं नाही. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, आणि या एका नावापाशी मी आजवर दोनदा अडखळले. दुसऱ्यांदाचं हे असं. पहिल्यांदाचं पुढे सांगते, कारण खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

पुण्यात वाढलेल्या माणसाला 'ससून' हे कुणाचं आडनाव आहे हे बरेच दिवस कळतच नाही. ससून म्हणजे स्टेशनजवळचा मोठा दवाखाना. "त्यांना ससूनला हलवलंय" असं कुणी म्हणालं की पुढचं विचारायचा धीर होत नसे. पानशेतचा पूर आला त्या वर्षी, म्हणजे १९६१ साली, मी शाळेत होते. पूर ओसरल्यावर घरातला चिखल उपसताना वडिलांच्या पायाला गंजका पत्रा लागला. पाय सुजून खांबासारखा झाला. त्यांना ससूनला नेलं तेव्हा आजीने देव पाण्यात घातले. तीन आठवडे आई डबा घेऊन जायची आणि मी तिच्याबरोबर. ती जुनी दगडी इमारत, उंच छतं, फिनेलचा वास... वडिलांचा पाय वाचला. आमच्यासारख्या घराला खाजगी डॉक्टर परवडण्याची सोय नव्हती. त्यानंतर त्या रस्त्याने जाताना आजी बसमधूनच हात जोडायची, देवळासमोर जोडतात तसे.

तर हे 'ससून' मूळचं हिब्रू. उच्चार साधारण 'सासोन', आणि अर्थ आनंद, हर्ष. ज्यू धर्मग्रंथात हा शब्द येतो, आणि ज्यूंच्या लग्नात जे सात आशीर्वाद म्हणतात त्यातही येतो. ज्या नावाने पुण्यातल्या लोकांच्या पोटात गोळा येतो त्याचा अर्थ आनंद! मला हे कळलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती.

आणि मुळात ते आडनावही नव्हतं. बगदादमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ससून बेन सालेह नावाचे गृहस्थ होते. 'बेन' म्हणजे मुलगा, म्हणून सालेहचा मुलगा ससून. ते तिथल्या तुर्की पाशांचे खजिनदार आणि बगदादच्या ज्यू समाजाचे प्रमुख होते. त्यांच्या मुलाने, डेव्हिडने, वडिलांचं नाव पुढे आडनाव म्हणून लावलं आणि तेच जगभर गेलं.

इथे मला आपल्या कोकणातले बेने इस्राएल आठवतात. तेही ज्यूच, पण शतकानुशतकं अलिबाग-पेणच्या पट्ट्यात राहून पुरते मराठी झालेले. तेलाच्या घाण्याचा धंदा, आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांनी आडनावं घेतली ती आपल्यासारखी गावावरून. किहीमचे ते केहिमकर, पेणचे पेणकर, तसेच राजपूरकर, नवगावकर, दिवेकर. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी तर या समाजाचा इतिहासच लिहून ठेवला. ज्याला गाव मिळालं त्याने गावाचं नाव लावलं. ज्याला गाव सोडावं लागलं त्याने बापाचं नाव बरोबर नेलं. अर्थात मुंबईत भेटल्यावर या दोघांचं फार सख्य झालं असं नाही. बगदादी मंडळी बेने इस्राएलांना आपल्या बरोबरीचं मानत नसत, लग्नसंबंध करत नसत. माणसं कुठेही गेली तरी उतरंड बरोबर नेतात, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

डेव्हिडला गाव सोडावं लागलं ते दाऊद पाशाच्या जाचामुळे. १८३० च्या आसपास तो बगदादहून पळाला आणि इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहर बंदरात आला. अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून नेले होते, अशी आख्यायिका आहे. म्हाताऱ्या वडिलांचं बुशहरलाच निधन झालं. तिथून १८३२ च्या सुमारास डेव्हिड मुंबईत आला. तेव्हा त्याचं वय चाळिशीचं. अरबी, हिब्रू, फारसी, तुर्की येत होती, हिंदुस्थानी तो इथे शिकला. इंग्रजीशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. १८५३ साली तो ब्रिटिश प्रजाजन झाला, तरी पोशाख शेवटपर्यंत बगदादी. काळ्या घोड्याजवळच्या डेव्हिड ससून लायब्ररीत त्याचा पुतळा आहे, त्यातही तो पायघोळ अंगरखा आणि फेट्यातच उभा आहे.

दोन बायका, आठ मुलगे. एकेक मुलगा वयात आला की डेव्हिड त्याला एकेका बंदरावर पाठवी. एक शांघायला, एक हाँगकाँगला, एक लंडनला. हिशेब आणि पत्रं घरच्या भाषेत, म्हणजे हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबीत. बाहेरच्याच्या हाती पत्र पडलं तरी वाचता येणार नाही!

पैसा आला आणि दानधर्म सुरू झाला. त्यांची यादी केली तर आपल्या मुंबई-पुण्याचा नकाशाच तयार होतो. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग १८६१ चं. पुण्यात कॅम्पातलं ओहेल डेव्हिड, म्हणजे आपलं लाल देऊळ, १८६३ ते १८६७ या काळात बांधलेलं. लाल विटा, उंच मनोरा, मनोऱ्यात घड्याळ. लहानपणी मला ते चर्चच वाटायचं. त्याच्याच आवारात डेव्हिडची समाधी आहे, कारण नोव्हेंबर १८६४ मध्ये तो पुण्यातच वारला. आपलं ससून रुग्णालय १८६७ चं. ते आणि लाल देऊळ, दोन्हींचा वास्तुकार एकच, हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स. नव्या पेठेत 'निवारा' आहे ना, त्या संस्थेचं पूर्ण नाव डेव्हिड ससून अनाथ पंगु गृह. मुंबईतली सुधारशाळाही त्यांच्याच नावाची. शिक्षा झालेल्या मुलांना तुरुंगात मोठ्या गुन्हेगारांबरोबर न टाकता तिथे हातात हुन्नर देत.

थोरला मुलगा अब्दुल्ला पुढे आल्बर्ट झाला, १८९० साली त्याला सरदारकीही मिळाली. कुलाब्याचा ससून डॉक त्याचा, १८७५ चा. भरती-ओहोटी काहीही असो, दरवाजे लावून आत पाणी कोंडता येईल अशी पश्चिम हिंदुस्थानातली ती पहिली गोदी. आज तिथे पहाटे कोळणींचा बाजार भरतो आणि मासळीच्या टोपल्यांतून वाट काढावी लागते. भायखळ्याचा त्याचा बंगला म्हणजे आजचं मसीना हॉस्पिटल. आणि खुद्द काळा घोडा? इंग्लंडच्या युवराजाचा तो घोड्यावरचा पुतळा आल्बर्टनेच शहराला दिला होता. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत नेला, पण नाव राहिलं. मग २०१७ मध्ये त्या भागात स्वार नसलेला नवा घोडा बसवला.

एलियास या दुसऱ्या मुलाने वेगळी पेढी काढली. त्याचा मुलगा जेकब याने वडिलांच्या नावाने १८८४ साली फोर्टात केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बांधलं. सध्याच्या विज्ञान संस्थेच्या उभारणीतही जेकबचा मोठा वाटा होता. भायखळ्याला सर जेकब ससून यांच्या नावाची शाळा आहे, ज्यू मुलांसाठी काढलेली. आज तिथली बहुतेक मुलं मुसलमान आहेत आणि शाळा छान चालू आहे. मास्तरीण म्हणून मला यादीतली ही नोंद सर्वांत आवडते.

आता ते पहिलं अडखळणं.

१९८५-८६ ची गोष्ट असेल. आठवीचा वर्ग, दुपारचा तास. मी एकोणिसाव्या शतकातल्या दानशूर व्यापाऱ्यांवर बोलत होते. जमशेटजी जीजीभाय, नाना शंकरशेट, डेव्हिड ससून, अशी नावं फळ्यावर लिहिली होती. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचे वडील ससूनमध्येच वॉर्डबॉय होते. एरवी तोंड न उघडणारा तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, एवढे पैसे त्यांनी आणले कुठून?"

"व्यापारातून."

"कसला व्यापार?"

"कापसाचा," मी म्हणाले आणि पुढची तारीख फळ्यावर लिहिली.

ते खोटं नव्हतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. ससूननीही त्यात कमावलं. पण मला तेव्हाही अर्धवट माहीत होतं की फक्त कापूस नव्हे. मोठा पैसा अफूचा होता.

माळव्यात खसखशीची शेतं. व्यापारी शेतकऱ्याला पीक हाती येण्याआधीच उचल द्यायचे, म्हणजे माल बांधला गेला. ती अफू पेट्यांतून मुंबई बंदरात यायची, सरकार त्यावर पेटीमागे कर घ्यायचं, आणि जहाजं चीनला जायची. चीनच्या बादशहाने बंदी घातली, तर इंग्रजांनी युद्ध करून १८४२ च्या तहाने बंदरं उघडून घेतली. पुढच्या दोन वर्षांत एलियास ससून चीनला पोचला. १८७० नंतर तर हिंदुस्थानातून चीनला जाणाऱ्या अफूत ससूनांचा हात सर्वांत वरचा होता. जार्डिन मॅथेसनसारख्या बड्या इंग्रज पेढीलाही त्यांनी मागे टाकलं. तेव्हाच्या कायद्याने हे सगळं राजरोस होतं. एकटे ससूनच होते असंही नाही, फळ्यावरचे जमशेटजीही त्याच धंद्यात होते. आणि सर्वांत मोठा भागीदार म्हणजे सरकार. पण चीनमध्ये घरंच्या घरं त्या धुरात गेली, हेही तितकंच खरं.

मग मी मुलाला का सांगितलं नाही? पुस्तकात नव्हतं, हे एक कारण. दुसरं कारण, मला वाटलं की त्या मुलाचं घर ज्या दवाखान्यावर चालतं त्याच्या नावाला डाग कशाला लावा. तिसरं कारण मी स्वतःशीही बरीच वर्षं कबूल केलं नाही. माझ्या वडिलांचा पाय तिथे वाचला होता. आजी हात जोडायची ती माझ्या डोळ्यांसमोर होती. उत्तर टाळलं ते मुलासाठी नव्हे, माझ्यासाठी.

निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, तेव्हा या घराण्याविषयी मिळेल ते वाचत गेले. आणि पुढच्या पिढ्यांची माणसं भेटत गेली तसतसा माझा हिशेब अधिकच अवघड होत गेला.

फ्लोरा ससून घ्या. जन्म मुंबईचा, १८५९ चा. डेव्हिडचा मुलगा सॉलोमन हा तिचा नवरा. १८९४ मध्ये तो वारल्यावर तिने मुंबईची पेढी स्वतः चालवली. त्या काळात बाईने! धर्मग्रंथांचा तिचा अभ्यास असा की मोठमोठे रब्बी तिच्याशी चर्चा करत. हाफकिन लस घेऊन लोकांना विनवत होता आणि लोक घाबरत होते, तेव्हा ही बाई त्याच्या पाठीशी उभी राहिली. तिचा मुलगा डेव्हिड सॉलोमन याने जुनी हिब्रू हस्तलिखितं जमवण्यात आयुष्य घातलं. त्याने १९२९ मध्ये घेतलेली बायबलची सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वीची पोथी 'कोडेक्स ससून' म्हणून ओळखली जाते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला तिचा लिलाव झाला, ३ कोटी ८१ लाख डॉलरला. आता ती तेल अवीवच्या संग्रहालयात आहे.

रेचल बिअर ही माहेरची ससून. तीही मुंबईत जन्मलेली, १८५८ ची. लंडनमध्ये 'ऑब्झर्व्हर' आणि 'संडे टाइम्स' अशी दोन पत्रं तिने एकाच वेळी संपादित केली. इंग्लंडात राष्ट्रीय वृत्तपत्राची ती पहिली स्त्री संपादक. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आळ आला होता. ज्या कागदावरून तो दोषी ठरला तो आपणच लिहिला, ही एस्टरहाझीची कबुली १८९८ साली तिच्या पत्राने छापली.

तिचा भाचा सीगफ्रीड ससून, इंग्रजी कवी. त्याच्या वडिलांनी ज्यू नसलेल्या मुलीशी लग्न केलं म्हणून घराण्याने त्यांना तोडलं. मुलगा आठ वर्षांचा असताना ते वारले. बगदाद-मुंबईचं काही त्या मुलाच्या वाट्याला आलंच नाही, आलं ते एवढं आडनाव. पहिल्या महायुद्धात त्याने शौर्यपदक मिळवलं आणि १९१७ साली हे युद्ध विनाकारण लांबवलं जातंय असं जाहीर पत्रक काढलं. शिक्षा करण्याऐवजी त्याला मानसिक धक्क्याचा रुग्ण ठरवून एडिनबरोजवळच्या इस्पितळात पाठवलं. ज्याच्या पणजोबाने पुण्यात इस्पितळ बांधलं तो गप्प बसावा म्हणून इस्पितळात!

आणि व्हिक्टर, एलियासचा नातू. मुंबईच्या गिरण्यांतून लक्ष काढून तो शांघायला गेला आणि १९२९ मध्ये तिथे नदीकाठी कॅथे हॉटेल उभारलं. आजही ती इमारत पीस हॉटेल म्हणून उभी आहे. हिटलरच्या जर्मनीतून आणि ऑस्ट्रियातून पळालेल्या ज्यूंना १९३८ नंतर फार थोडी बंदरं आत घेत होती. शांघाय त्यांतलं एक. बोटीतून उतरलेल्या त्या माणसांना पहिला आसरा मिळाला तो व्हिक्टरच्या एका इमारतीत. ज्या शहरात आजोबांनी अफू उतरवली, त्याच शहरात नातवाने निर्वासित उतरवून घेतले. १९४९ नंतर चीनमधलं सगळं गेलं.

एक आपल्याकडचीही गोष्ट सांगते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन ससूनमध्ये झालं. कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करत असताना वादळाने वीज गेली आणि शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात उरकावा लागला. ती खोली स्मारक म्हणून जपली आहे. दारू आणि अफूविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या माणसाचा जीव त्या इमारतीत वाचला.

आता नातीच्या ड्रायरकडे येते. व्हिडाल ससूनचा बगदादच्या घराण्याशी काही संबंध नव्हता. त्याचे वडील ग्रीसमधल्या सॅलोनिकाचे. जन्म लंडनचा, १९२८ चा. वडील सोडून गेले, आईला सांभाळणं झेपेना, म्हणून काही वर्षं अनाथाश्रमात गेली. केशकर्तनालयात उमेदवारी करून तो पुढे आला. बायकांचे केस तासन् तास पिना आणि फवारे मारून उभे करण्याची पद्धत होती, ती त्याने मोडली. साधा, नेटका, धुतला की आपोआप बसणारा कट काढला. १९८२ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात ज्यूद्वेषाचा अभ्यास करणारं केंद्र त्याने सुरू करून दिलं. २०१२ साली तो वारला. इराकचे पहिले अर्थमंत्री ससून एस्केल यांच्या बाबतीत तर ससून हे पाळण्यातलं नाव. आनंद हा शब्द कुणाच्या मालकीचा थोडाच असतो? आपल्याकडे आनंद आडनावाचे असतात आणि आनंद नावाचेही.

हे सगळं नातीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ते चांगले होते की वाईट?" आठवीतल्या त्या मुलाने एवढं विचारलं नव्हतं, त्याला फक्त पैसे कुठून आले हे हवं होतं.

नातीला मी म्हटलं, उत्तर एका शब्दात येत नाही, पण हिशेब मांडता येतो. एका बाजूला चीनमधली ती घरं आणि माळव्यातला उचल घेतलेला शेतकरी. दुसऱ्या बाजूला दीडशेहून अधिक वर्षं त्या दारातून बरे होऊन बाहेर पडलेले लोक, त्यात तुझे पणजोबा. एका बाजूची रक्कम दुसऱ्या बाजूने वजा करायची नाही. दोन्ही लिहून ठेवायच्या. मी चाळीस वर्षांपूर्वी एकच बाजू लिहिली, ती चूक.

येत्या रविवारी आम्ही दोघी लाल देवळापाशी जाऊन येणार आहोत. कुणा नातेवाईकांकडे ससूनच्या जुन्या आठवणी असतील तर जरूर कळवा, विशेषतः ६१ च्या पुराच्या. वहिनी, तुमच्याकडे काकांच्या डायऱ्या आहेत, त्यात बघाल का?

आणि मागच्या बाकावरचा तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. कधी चुकून हे त्याच्या वाचनात आलं तर, बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर कापूस आणि अफू असं होतं. त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं.